नवमीच्या दुपारचं पाणी

बाई, परवा तुमच्या पाळणाघरात मला खुर्चीवर बसवलं. हार घातला, नारळ दिला, आणि हल्ली तिथलं सगळं ज्या ताई बघतात त्यांनी जमलेल्या आयांना सांगितलं, की सुरुवातीपासून पाहिलेलं माणूस आता हे एकच उरलंय, यांच्या तोंडून ऐका. मी उभा राहिलो. समोर सतरंजीवर बायका, त्यांच्या मांडीवर पोरं. एक पोर माझ्या मिश्यांकडे बघून रडायला लागलं. मी तबेल्याचं सांगितलं, झोळ्यांचं सांगितलं, तांब्यांचं सांगितलं, त्या उन्हाळ्याचंही सांगितलं. बायकांनी डोळ्यांना पदर लावले. घरी येताना मनात आलं, जे बोललो त्यात एक वाक्य खोटं होतं. ते मी काही पहिल्यांदा बोललो नव्हतो, आणि मुळात ते माझं नव्हतंच. ते तुमचं होतं, मी नुसतं वापरत आलो. म्हणून आज लिहायला बसलोय. आज रामनवमी आहे. घरातली सगळी देवळात गेलीत.

तबेला आता तुम्हाला ओळखू येणार नाही. वर स्लॅब आहे, पंखे आहेत, भिंतीवर निळी बदकं काढलीत. वाशांना अडकवलेल्या कड्या काढून टाकल्या. पण मला तो दिसतो तसाच दिसतो. लढाईची वर्षं आहेत. स्टेशनापलीकडची भाताची गिरण लष्कराच्या तांदळासाठी दिवसरात्र चालते, आणि खळ्यावर बायका उकडं भात पसरतात, दर थोड्या वेळानं पायानं फिरवतात. त्यांची पोरं तुसाच्या ढिगावर झोपलेली असतात. इतक्या धडधडाटात, इतक्या उन्हात पोरं झोपतात कशी, असं पाद्रीसाहेबांनी एकदा विचारलं, तेव्हा एका बाईनं कमरेची चंची सोडून बाळगोळी दाखवली होती. अफूची, मोहरीएवढी. सकाळी चाटवली की पोर संध्याकाळपर्यंत हलत नाही. पाद्रीसाहेबांनी मिशनचा जुना तबेला रिकामा केला, आणि नगरकडून तुम्हाला बोलावून घेतलं. तुम्ही विधवा, मूलबाळ नाही, बोलणं देशावरचं. आल्या आल्या तुम्ही स्वतः शेणानं जमीन सारवली आणि गोणपाटाच्या झोळ्या शिवल्या, कारण कापड मिळत नव्हतं.

आणि कोणी आलं नाही. झोळ्या नुसत्या वाऱ्यानं हलायच्या. तुम्ही गिरणीच्या चाळीत दारोदार फिरलात. गोळीनं पोर सुकतं, एखाद दिवशी उठायचं नाही, हे तुम्ही सांगायच्या आणि बायका मान हलवायच्या. त्यांना ते तुमच्याआधी माहीत होतं. एकजण शेवटी बोलली, "बाय, तुमी चांगल्या हाव. पन दिसभर पोर पाणी पिनार कुनाच्या हातचं? बाटलं तर घरात घेतील का मला?" तुमचे आजोबा गावकुसाबाहेरचे होते, हे तुम्ही कोणापासून लपवलं नव्हतं. वर तुम्ही ख्रिस्ती. तुमच्या अंगणातल्या विहिरीला पुरुषभर पाणी, आणि ते कोणाच्या कामाचं नाही.

मग तुम्ही आमच्या गावी, कडावला, आमच्या घरी आलात. त्या बायकांच्याच जातीतला, भजनाला बसणारा माळकरी पोरगा इथं आहे, हे कोणीतरी सांगितलं असणार. आईनं ओटीवर बोलावलं नाही. अंगणात पोतं टाकलं, तुम्ही त्यावर बसलात. "तुमचा मुलगा पाण्याला द्या," तुम्ही म्हणालात.

आई म्हणाली, "मिशनमदी पाणी भरंल माजा पोर? लोक थुकतील तोंडावर."

"पाणी नदीचं, घागरी तुमच्या, हात त्याचा," तुम्ही म्हणालात. "मिशनची फक्त तहान, आई."

आई हसली. हसली म्हणजे देणार, हे मला कळलं. मी तेव्हा विशीतला, गावच्या शाळेत चौथीपर्यंत शिकलेला, आणि गळ्यात माळ घातल्यापासून आपण जरा वेगळे आहोत असं मनात धरून चालणारा. पाद्रीसाहेबांना ही व्यवस्था आवडली नव्हती. देवाच्या घरात पाण्याला जात कशी चालेल, असं ते माझ्यासमोर तुम्हाला म्हणाले होते. तुम्ही खाली बघून म्हणालात, "साहेब, आधी पोर आत येऊ द्या. जात मागनं बाहेर काढू."

पोरं आली. प्रत्येक आई पोराबरोबर घरचा तांब्या आणायची. दाराशेजारच्या फळीवर तांब्यांची रांग. कोणाच्या गळ्याला लाल चिंधी, कोणाच्या काळा दोरा. मी सकाळी आणि दुपारी नदीवरून कावड आणायची, तांबे भरायचे, आणि ज्याचं त्याला ज्याच्या त्याच्या तांब्यातलं पाजायचं. तुम्ही पोरांचं सगळं करत होतात, हगलं-मुतलं धुवत होतात, तेल लावत होतात, रडणारं पोर छातीशी धरून येरझाऱ्या घालत होतात. त्याचा विटाळ कोणाला नव्हता. पण त्या फळीकडे तुम्ही पाठ करून उभ्या राहायच्या. वाटेत फळी आली तर पदर आवरून घ्यायच्या. मी ते रोज बघत होतो आणि मला ते बरोबर वाटत होतं.

तुम्ही मला बुवा म्हणायला लागलात. "या बुवा, आज नदीनं लवकर सोडलं का?" आया पण मग म्हणायच्या, "दादा, बाई तुमाला बुवा करून सोडनार." एकदा मी एका पोराला पाजताना नाम घेत होतो, डोळे मिटलेले, आणि पाणी त्याच्या नाकात गेलं. तुम्ही ते पोर माझ्या हातून ओढून घेतलंत, पाठीवर थोपटलंत, आणि ते सावरल्यावर एवढंच बोललात, "बुवा, ओठ देवाला द्या. हात पोराकडे असू द्या." मला राग आला होता. एका ख्रिस्ती बाईनं मला भक्ती शिकवावी, हे मनाला लागलं होतं. त्याच आठवड्यात तुम्ही माझ्या खांद्याला कावड काचते म्हणून जुन्या लुगड्याची एक उशी शिवून दिलीत, आत सावरीचा कापूस. मी ती घेतली. घरी नेली, आधी पाण्यातून काढली, वाळवली, मगच खांद्यावर ठेवली. तुम्हाला ते कसं कळलं कोण जाणे. दुसऱ्या दिवशी उशी बघून म्हणालात, "धुतल्यावर कापसाचे गोळे होतात हो. आणा, सारखी करते."

त्या नवमीचं आता लिहितो. गिरणीनं सुटी दिली नव्हती. कुंभिवलीहून चाळीत राहायला आलेली एक बाई होती, सगळ्या तिला कुंभिवलीवालीच म्हणायच्या. तिचा मुलगा भिंत धरून नुकता चालायला लागला होता. फळीखाली जाऊन आपला तांब्या दाखवायचा, "पा पा" म्हणायचा. त्या दिवशी त्याला सकाळपासून हगवण लागली होती. कुंभिवलीवाली सोडायला आली तेव्हा म्हणाली, "आज ऱ्हाते घरी, तर मुकादम उद्यापास्नं नको म्हनंल. बघा बाई." मी सकाळची कावड टाकून दुसऱ्या कावडीला निघालो तेव्हा पोरानं आपला तांब्या संपवला होता. तुम्ही दारात येऊन म्हणालात, "बुवा, आज लवकर या."

मी आलो तेव्हा दुपार कलायला लागली होती. कावड टेकवली आणि आत बघितलं. तुम्ही त्याला मांडीवर घेऊन बसल्या होतात. तुमचा माठ शेजारी होता, हातात तुमची वाटी आणि चमचा. पोराचे डोळे आत गेले होते, ओठांना भेगा पडलेल्या. तुम्ही चमच्यानं पाणी सोडत होतात आणि ते जिभेनं चाटत होतं. दारात दोन बायका आत बघत, माझ्याकडे पाठ करून उभ्या होत्या. मधल्या सुटीत अंगावर पाजायला आल्या होत्या, आणि त्यांनी पाहिलं होतं. तुम्ही वर बघितलंत. माझ्यावर ओरडाल असं वाटलं. तुम्ही एकदा माझ्या तोंडाकडे नीट बघितलंत आणि हळू म्हणालात, "कपाळ पुसा बुवा." मी उपरण्यानं कपाळ पुसलं. पोर संध्याकाळी डोळे उघडून बघायला लागलं. तुम्ही त्या दुपारी माझ्यासाठी थांबल्या असतात तर ते उरलं नसतं, हे त्या दोघी बायकांनाही कळत होतं. तरी खळ्यावर भोंग्याच्या आत बातमी गेली.

संध्याकाळी कुंभिवलीवाली मला नदीच्या वाटेवर भेटली. पोर कडेवर होतं. "दादा, उद्या पंच बसनार हायत," ती म्हणाली. "तुमी म्हना मीच पाजलं. त्या दोगी म्हनतील त्ये म्हनतील, तुमचं आयकतील. तुमी माळकरी हाव."

"माळकरी हाय म्हनूनच, ताई," मी म्हणालो. "खोटं कसं बोलू?"

ती पोराच्या तोंडावरचा घाम पुसत राहिली. "बोला की एकदा. एक सबूद. देव काय तुमच्याच मागं बसलाय व्हय?" आणि मग माझं तोंड बघून, "बरं, जावा," म्हणाली.

पंच मारुतीच्या पारावर बसले. चाळीतले, आजूबाजूच्या गावांतले आमच्याच जातीचे लोक. बायका लांब. त्या दोघींनी पाहिलेलं सांगितलं. कुंभिवलीवाली म्हणाली, "मी गिरनीत व्हते, मला काय म्हाईत. दादानीच पाजलं असंल." मग म्हाताऱ्या पंचानं मला पुढे बोलावलं. "ह्यो माळकरी हाय. ह्यो खोटं बोलनार नाय. बोल रं, कुनी पाजलं?" सगळे माझ्याकडे बघत होते. बाई, मला ते आवडलं होतं. एवढ्या माणसांनी माझ्या शब्दावर थांबावं, हे मला तोवर कधी मिळालं नव्हतं. मी म्हणालो, "बाईंनी पाजलं." म्हातारा म्हणाला, "आन तू कुटं व्हतास?" मी म्हणालो, "पाण्याला." त्यानं मान डोलावली. पोराला आणि आईला प्रायश्चित्त सांगितलं, आणि यापुढे जी बाई मिशनमध्ये पोर ठेवील तिचं घर वाळीत. घरी जाताना लोकांनी माझ्या पाठीवर हात ठेवले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आया आल्या, आपापला तांब्या फळीवरून उचलून गेल्या. एकीनं जाताना झोळीची गाठ नीट केली. दुपारी पाद्रीसाहेब आले. तापलेले होते. मी कोपऱ्यात उभा. ते तुम्हाला म्हणाले, "हा माणूस ज्या एका कामासाठी ठेवला, त्या वेळी हा कुठे होता?" तुम्ही माझ्याकडे बघितलं नाहीत. झोळीचं गोणपाट घडी घालत होतात. "नदी आटलीय साहेब," तुम्ही म्हणालात, "लांब जावं लागतं. त्याचा काय दोष." तुम्ही रविवारी देवळात पहिल्या बाकावर बसणाऱ्या, पोरांनाही खोटं बोलू नका म्हणणाऱ्या. माझ्याच्यानं तिथं उभं राहवलं नाही.

पाळणाघर बंद नव्हतं, पण पोर एकही नव्हतं. तुम्ही रोज झाडलोट करायच्या, झोळ्या टांगायच्या, संध्याकाळी सोडायच्या. मी रोज यायचो आणि कावड न भरता उंबऱ्याशी बसायचो. तुम्ही म्हणायच्या, "बसा बुवा, निदान झोळ्यांना सोबत." तुसाच्या ढिगावर पुन्हा पोरं दिसायला लागली. झोपलेली. अक्षय्यतृतीयेच्या सुमाराला एका दुपारी कुंभिवलीवाली भाताला पाय मारून आली तेव्हा तिचं पोर उठलं नाही. पुरायला नेलं तेव्हा माणसं थोडीच होती. मी होतो. तुम्ही नदीच्या अलीकडच्या काठावर, आमच्यापासून लांब, उन्हात उभ्या होतात. माती लोटून झाली तरी उभ्याच होतात.

त्यानंतर काही दिवसांनी ती तबेल्याच्या दारात आली. तिच्या कडेवर तिच्या जावेची मुलगी होती. मी उठून फळीपाशी गेलो, सवयीनं. तांब्या आणलेलाच नव्हता. तिनं मुलगी सरळ तुमच्या मांडीवर ठेवली आणि म्हणाली, "हिला तुमच्या माठातलं पाजा. माज्यासमोर पाजा. मंग मी जाते खळ्यावं, आन बघते कोन काय म्हनतो." वाटीतलं निम्मं पाणी मुलीच्या झबल्यावर सांडलं. ती उभी राहून बघत होती, आणि मग माझ्याकडे न बघताच निघून गेली. पंच पुन्हा बसले म्हणतात. तिनं पारावर उभं राहून काय सांगितलं ते मी ऐकलं नाही, पण पावसाळ्याआधी झोळ्या भरल्या. तांब्यांची फळी रिकामी राहिली. तुम्ही तिच्यावर पोरांची झबली ठेवायला लागलात.

आता मला तिथं काही काम नव्हतं. पाणी अंगणातल्या विहिरीचं, कोणीही काढावं. मी जायला निघालो तर तुम्ही म्हणालात, "कुठं निघालात? झोळी बांधायला शिका." मी शिकलो. पोरं झोपवायला शिकलो. ती कुंभिवलीवाली पुढे किती वर्षं जावेच्या मुलीला सोडायला येत होती. माझ्याशी बोलायची, पण मला दादा म्हणायची नाही. पंच बसले त्या दिवसापासून ती मला बुवा म्हणायची, आणि तुमच्या तोंडी जे हसण्यासारखं होतं ते तिच्या तोंडून तसं येत नव्हतं.

आणि तुमचं आजारपण. स्वराज्य आलेलं होतं, लढाई संपून गिरणीचं काम उतरलं होतं. हिवतापानं तुम्ही खाटेवर. तुम्ही पाणी मागितलंत, मी तुमच्याच माठातलं काढून दिलं. प्यालात आणि म्हणालात, "आम्हाला तुमच्या हातचं चालतं हो बुवा." तेव्हाही हसवत होतात. मी धीर केला. म्हणालो, "बाई, त्या नवमीला नदी..." तुम्ही डोळे मिटले होते. म्हणालात, "लांबच होती, बुवा. लांबच होती." मला पुढे बोलू दिलं नाहीत. मला वाटलं, उद्या बोलू. उद्या तुम्हाला शुद्ध नव्हती.

तर ते वाक्य हे. परवा तुमच्या आयांसमोर मी म्हणालो, "उन्हाळा होता, नदी आटून लांब गेली होती, म्हणून मला उशीर झाला." सगळ्यांनी च्च च्च केलं.

नदी जवळ होती. वाळूत हातभर उकरलं की पाणी लागत होतं. घागरी भरून मी निघालो तेव्हा बाराला अवकाश होता. वाटेवरच्या राममंदिरात जन्माची तयारी चाललेली. कावड कठड्याला टेकवून नुसतं दर्शन घेऊ म्हणून आत गेलो. भजनाची माणसं ओळखीची, त्यांनी पुढे बसवलं. बाराला गुलाल उडाला, फुलं पडली, पाळणा म्हणायला बायका उभ्या राहिल्या, आणि कोणीतरी पाळण्याची दोरी माझ्या हातात दिली. मी ती सोडली नाही. सगळी कडवी होईपर्यंत रामाला झोका देत बसलो. तुमचं "लवकर या" मला आठवत होतं, बाई. विसरलो असतो तर बरं झालं असतं. मला वाटलं, देवाचं काम आहे, तिकडचं देव बघेल. मग सुंठवडा घेतला, थोडा धोतराच्या सोग्यात पोरांसाठी बांधून घेतला, आणि आलो. कपाळावर गुलाल होता. तो तुम्ही पाहिलात आणि बायकांनी पाहायच्या आत पुसायला लावलात. म्हणजे तुम्हाला त्या क्षणीच सगळं कळलं होतं. पंचांना मी तुमचं खरं सांगितलं आणि माझं सांगितलं नाही. तुम्ही साहेबांना माझ्यासाठी खोटं सांगितलंत, आणि स्वतःचं काही लपवलं नाही.

त्या वर्षापासून मी रामाच्या पाळण्याची दोरी धरलेली नाही. दर नवमीला घरची बोलावतात, मी सांगतो गुडघा दुखतो. माळ अजून गळ्यात आहे. आज दुपारी नात सुंठवडा घेऊन येईल आणि विचारेल, आजोबा, दुखायचं थांबलं का.

तुमचं थडगं मिशनच्या देवळामागे आहे. पाट्या पुसल्या गेल्या, तरी मला ते सापडतं. हा कागद तिथं नेऊन ठेवावा असं मनात होतं, पण कोणाच्या हाती लागेल म्हणून भीती वाटते, एवढ्या वर्षांनीसुद्धा. तेव्हा उशीत घालून ठेवतो. तुम्ही दिलेली कावडीची उशी, तिची एक बाजू उसवली आहे. आतल्या कापसाचे गोळे झालेत. ती मी पहिल्याच दिवशी धुतली होती ना.